डिकीत मावणारे कातयंत्र: सुरुवात कुठून करावी?

पाचर

लाकूड कातायला, म्हणजे यंत्रावर फिरवून हत्याराने आकार द्यायला, शिकायचे आहे, त्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, असे ओळखीतले बरेच जण विचारतात. म्हणून गेल्या सात वर्षांत स्वतःच्या हाताने जे करून पाहिले ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मी पुण्यात सदनिकेत राहतो आणि आमचे गाव कुडाळजवळ आहे. माझे छोटे कातयंत्र एरवी पुण्याच्या बाल्कनीत असते. मे महिन्यात आणि गणपतीला ते गाडीच्या डिकीतून गावी जाते आणि तिथल्या पडवीत पुन्हा उभे राहते. त्यामुळे हलवता येण्याजोग्या यंत्राचे फायदे आणि त्याच्या अडचणी दोन्ही माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत.

कातकाम आपल्या घरांना नवीन नाही. लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब, पलंगाचे पाय हे सगळे कातूनच होते, आणि हे काम करणाऱ्याला कातारी हे नावही आपल्या भाषेत आहे. लहानपणी सावंतवाडीला गेलो की लाकडी फळे आणि खेळणी तयार होताना पाहायला मी थांबत असे. फिरणाऱ्या लाकडावर कारागिराने लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडावर पसरत जाई, आणि पाहता पाहता फिकट लाकूड लालभडक होई. ते दृश्य डोक्यातून गेले नाही. चाळिशीत यंत्र घेण्यामागचे खरे कारण तेच आहे.

आता यंत्राविषयी. लहान यंत्रांच्या वर्णनात '१० × १८' असे आकडे दिसतात. त्यातला पहिला आकडा यंत्राच्या पाटावरून, म्हणजे खालच्या लांब बैठकीवरून, जास्तीत जास्त किती इंच व्यासाचे लाकूड फिरू शकेल ते सांगतो, आणि दुसरा दोन टोकांमध्ये किती इंच लांबीचे लाकूड बसेल ते सांगतो. म्हणजे अशा यंत्रावर सुमारे २५० मिलिमीटर व्यासाचा वाडगा आणि ४५० मिलिमीटर लांबीचा दांडा करता येतो. घरातले लाटणे ३५ ते ४० सेंटिमीटरचे असते, ते यात व्यवस्थित बसते. त्याहून लहान यंत्र घेतल्यास पुढे पश्चात्ताप होतो. बिडाचा पाट असलेले असे यंत्र साधारण ३५ ते ४५ किलो भरते, म्हणजे दोघांनी उचलून डिकीत ठेवता येते. वजन कमी म्हणून पत्र्याच्या पाटाचे हलके यंत्र घेण्याचा मोह होतो, पण यंत्राचे वजन हाच कंपनावरचा पहिला उपाय आहे.

खरेदी करताना लोक मोटरची ताकद आणि सर्वांत जास्त वेग विचारतात. माझ्या मते सर्वांत कमी वेग किती, हे आधी विचारावे. २०० मिलिमीटर व्यासाचा ओबडधोबड तुकडा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरवला तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटर होतो, आणि तोपर्यंत त्या तुकड्याचा तोलही साधलेला नसतो. मिनिटाला ५०० फेऱ्यांपर्यंत खाली येणारे यंत्र नवशिक्याला धीर देते. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला फेऱ्यांनी गुणले तर उत्तर दीड लाख ते सव्वादोन लाखांच्या दरम्यान यावे, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. मात्र तो गोल झालेल्या, तोल साधलेल्या लाकडासाठी आहे. सुरुवात नेहमी त्याच्या कितीतरी खालून करावी.

मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते धारेविषयी. जेवढे पैसे यंत्राला लागतात जवळपास तेवढेच बाकीच्या गोष्टींना लागतात, आणि त्या बाकीच्या गोष्टींत पहिला मान धार लावण्याच्या व्यवस्थेला द्यावा. मी तसे केले नाही. पहिल्याच महिन्यात चार जबड्यांचा चक, म्हणजे लाकूड एका टोकाला पकडणारा पंजा, मागवला. विक्रेत्याने स्पिंडलचे, म्हणजे चक ज्यावर बसतो त्या फिरत्या दांड्याचे, आटे कोणत्या मापाचे आहेत हे न विचारता तो पाठवला, आणि मीही पाहिले नाही. माझे स्पिंडल १ इंचाचे, इंचाला ८ आटे असलेले. चक आला तो ३३ मिलिमीटरच्या आट्यांचा. तो परत करण्यात दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यांत मी बोथट हत्यारांनी लाकूड अक्षरशः खरवडत बसलो. लाकूड कातताना लांबलचक सालपटे खांद्यावरून उडाली पाहिजेत. पायाशी नुसती पिठासारखी पूड जमत असेल तर हत्यार कापत नाही, खरडते आहे, असे समजावे.

ओसरी

अतिशय उपयुक्त धागा आहे, पाचर. मी निवृत्त शिक्षिका आहे, ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते आणि बाल्कनी सहा फूट बाय चार फुटांची आहे. तीन प्रश्न आहेत. खालच्या मजल्यावरच्या लोकांना त्रास होईल का? घरी भिंतीला भोके पाडायचे ड्रिल आहे, त्याला जोडून लाकूड फिरवण्याची चौकट मिळते, ती सुरुवातीला पुरेल का? आणि चाळिशीत सुरू केले असे तुम्ही लिहिले आहे. मी बासष्ट वर्षांची आहे, तर हाताला जोर किती लागतो?

पाचर

ओसरीताई, जोराचे आधी सांगतो, कारण या भीतीने पुष्कळ जण मागे राहतात. लाकूड फिरवण्याचे श्रम मोटर करते. हत्यार आडव्या आधारावर टेकलेले असते, डावा हात ते आधारावर नुसते स्थिर ठेवतो आणि उजवा हात मुठीची दिशा बदलतो. जोर लावावा लागला तर धार गेलेली आहे असे समजून थांबावे. शरीराची ठेवण मात्र महत्त्वाची आहे: लाकूड ज्या अक्षावर फिरते तो अक्ष आपल्या कोपराच्या उंचीवर असावा, नाहीतर तासाभरात मान आणि पाठ भरून येते. स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीच्या टेबलावर यंत्र ठेवले की बहुतेकांना ते बरोबर बसते.

कंपनासाठी माझी मांडणी अशी आहे. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या दोन फळ्या एकमेकींवर चिकटवून एक जाड तळ केला, यंत्र त्याला चार नट-बोल्टांनी घट्ट आवळले, आणि तो तळ घडीच्या लोखंडी स्टँडवर बसवला. स्टँडच्या खालच्या आडव्या पट्ट्यांवर वाळूच्या २५ किलोच्या दोन पिशव्या ठेवतो आणि पायांखाली रबराची जाड चटई घालतो. गावी जाताना पिशव्या रिकाम्या करून नेतो, कारण वाळू तिथे मिळतेच. तोल साधलेल्या लाटण्याचा आवाज मिक्सरपेक्षा पुष्कळच कमी असतो; खालच्या शेजाऱ्यांना जाणवते ती तोल न साधलेल्या मोठ्या तुकड्याची थरथर. म्हणून सदनिकेत दांड्याचे काम करावे, आणि वाडगे गावच्या जमिनीवर करावेत किंवा तुकडा आधी करवतीने शक्य तितका गोल करून घ्यावा.

ड्रिलची चौकट मात्र घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. भोक पाडताना ड्रिलवर भार सरळ पुढून येतो, कातताना तो बाजूने येतो, आणि बहुतेक घरगुती ड्रिलची बेअरिंग असा बाजूचा भार तासन्तास सोसण्यासाठी बनवलेली नसतात. शिवाय तिची थरथर हाताला इतकी जाणवते की आपली चूक कोणती आणि चौकटीची कोणती, हे नवशिक्याला कळत नाही.

सहाण

धारेला पहिला मान दिल्याबद्दल पाचर यांचे मनापासून आभार. माझे आयुष्य कारखान्यात हत्यारांना धार लावण्यात गेले, म्हणून थोडी भर घालतो.

आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक ग्राइंडर मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. शक्य असेल तर १४४० फेऱ्यांचा आणि ८ इंची चाकाचा घ्यावा, आणि त्याच्याबरोबर येणारे करडे खरखरीत चाक काढून पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक बसवावे. साध्या पोलादाचे हत्यार चाकावर जास्त वेळ टेकले आणि कडेला निळसर झाक आली की त्या जागचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरले. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकत नाही. हायस्पीड पोलादाच्या हत्यारांना ही भीती खूप कमी असते, म्हणून पहिला संच त्याच पोलादाचा घ्यावा. लोहाराकडून जुन्या कानशी तापवून हत्यारे करून घेण्याची पद्धत मला ठाऊक आहे, पण कानस अतिशय कडक आणि ठिसूळ असते. पाणी नीट दिले गेले नसेल तर फिरत्या लाकडावर ती मोडून अंगावर येऊ शकते.

उताराचे, म्हणजे धारेमागच्या घासलेल्या तिरक्या बाजूचे, कोन जवळपास ठरलेले आहेत. चौकोनी लाकूड गोल करण्याच्या रुंद गोल पटाशीला सुमारे ४५ अंश, दांड्यावर नक्षी काढण्याच्या अरुंद गोल पटाशीला ३५ ते ४०, आणि वाडग्याच्या पटाशीला ५५ ते ६० अंश. दर वेळी तोच कोन यावा म्हणून हत्यार धरणारी साधी चौकट ग्राइंडरपुढे लावावी. उताराच्या पाठीवर काळ्या मार्करने रेघ मारून चाक हाताने फिरवून पाहावे. शाई संपूर्ण उतारावरून पुसली गेली तर कोन बरोबर, नुसत्या टोकाची किंवा नुसत्या टाचेची गेली तर चौकट सरकवायची. एवढी एक सवय लागली तरी निम्मे काम झाले.

आणखी एक, जीवावर बेतणारी गोष्ट. ती रुंद गोल पटाशी वाडग्यावर कधीही चालवू नये. तिचे शेपूट, म्हणजे मुठीत गेलेला भाग, बारीक आणि चपटा असतो. वाडग्यात लाकडाचे रेषे प्रत्येक फेरीत दोनदा आडवे येतात, हत्यार अडकून हिसका बसतो आणि ते शेपटापाशी मोडते.

फणसाची_आठळी

मला एक शंका आहे. हल्ली कार्बाइड या अतिशय कडक पदार्थाची बदलता येणारी चकती लावलेली हत्यारे मिळतात. चकती बोथट झाली की थोडी फिरवायची, धार लावायची गरजच नाही. मग नवशिक्याने ग्राइंडरवर एवढा खर्च कशाला करावा?

सहाण

ही हत्यारे वाईट नाहीत. खडे असलेल्या किंवा फार कडक लाकडावर मीही वापरतो. पण ती बहुतेक वेळा आधारावर आडवी धरून वापरली जातात, त्यामुळे लाकूड कापण्याऐवजी खरडले जाते. बाभळीवर किंवा शिसवावर ते खपून जाते. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर रेषे उपटले जातात आणि पृष्ठभाग टॉवेलसारखा होतो. तो पॉलिश पेपरने साफ करायला कातण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय उतार लाकडावर घासत ठेवून कापणे म्हणजे काय, हे हाताला कधी कळतच नाही. पहिले वर्ष पटाशीवर काढावे, मग हवे ते घ्यावे.

पाचर

इथे माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांना आठवड्यात जेमतेम एक तास मिळतो, त्यांनी एक कार्बाइडचे हत्यार घेऊन सुरुवात केली तरी हरकत नाही, कारण हातून एक वस्तू पुरी झाली की माणूस टिकतो. पण पटाशी सोबत असावीच, यावर सहाण यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

सातासमुद्रापार

मी इंग्लंडमध्ये राहतो. 'हलवता येणारे कातयंत्र' या शब्दांवरून इथली एक जुनी परंपरा सांगावीशी वाटते. लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या टेकड्यांवर बीच झाडांची राने आहेत. तिथे खुर्चीचे पाय कातणारे कारागीर राहत, त्यांना बॉजर म्हणत. ते लाकूड कारखान्यात आणत नसत. कातयंत्रच रानात नेऊन उभे करत. एक लवचीक लांब फांदी डोक्यावर बांधायची, तिच्या टोकाची दोरी लाकडाला वेढा देऊन पायाखालच्या फळीला बांधायची. फळी दाबली की लाकूड आपल्या दिशेने फिरते, सोडली की फांदी ते उलटे फिरवते. त्यामुळे पाय खाली जाताना तेवढे कापायचे आणि वर येताना हत्यार किंचित मागे घ्यायचे. ओल्या लाकडाचे पाय रानातच कातून वाळत ठेवत आणि मग हाय विकम गावातल्या खुर्च्यांच्या कारखान्यांना विकत. विसाव्या शतकातही हे काम काही काळ चालू होते.

मी इथे एका शिबिरात असे यंत्र दोन दिवस चालवले. वेग इतका कमी असतो की चूक झाली तरी लाकूड नुसते थांबते. ओले लाकूड कापताना जो 'सर्र' असा ओलसर आवाज येतो तो एकदा कानात बसला, की विजेच्या यंत्रावर हत्यार नीट कापते आहे की नाही हे न पाहता ओळखता येते. गावी जागा असेल, तर मुलांना शिकवण्यासाठी असे यंत्र बांबूच्या काठीवर उभे करून पाहायला हरकत नाही.

मिलिमीटर

मी विद्युत अभियंता आहे, कातकामातला नवशिका. यंत्र गावी नेणाऱ्यांसाठी काही सूचना करतो. उन्हाळ्यात संध्याकाळी गावचा दाब २३० व्होल्टवरून १८० पर्यंत उतरलेला मी अनेकदा मोजला आहे. साध्या इंडक्शन मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे १८० व्होल्टला तो मूळच्या साधारण ६१ टक्केच उरतो. मोटर घुरघुरते, नेहमीपेक्षा जास्त प्रवाह ओढते आणि तापते. अशा वेळी जाड काप घेऊ नयेत, आणि मोटरला हात लावून चटका बसत असेल तर बंद करावी.

एक्स्टेंशनची वायर किमान दीड चौरस मिलिमीटरची असावी, आणि ती गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडून ठेवावी, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. अर्थिंग तपासल्याशिवाय जुन्या घरातल्या सॉकेटला यंत्र जोडू नये. शक्य तिथे ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षण, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारे बटण, बसवावे. बंद करण्याचे बटण अशा जागी असावे की फिरत्या लाकडाच्या रेषेत न जाता ते दाबता येईल.

पाचर

मिलिमीटर, हे सगळे मी छापून पडवीत लावणार आहे. आता ज्यांनी पहिली वस्तू कोणती करावी असे व्यक्तिगत निरोपात विचारले, त्यांच्यासाठी लिहितो. लाटणे करावे. त्यात उभ्या रेषेचे लाकूड असते, चक लागत नाही, आणि चूक झाली तर व्यास दोन मिलिमीटरने कमी करून पुढे जाता येते.

गाठ नसलेला, कोरडा, ४५ मिलिमीटर चौरस आणि ३८ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा. दोन्ही तोंडांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण काढावेत. ते छेदतात तो मध्य. एका तोंडावर कर्णांवरून करवतीने दोन मिलिमीटर खोल खाचा पाडाव्यात आणि फिरवणारे दातेरी टोक लाकडी हातोड्याने तिथे ठोकून बसवावे. हे ठोकणे टेबलावर करावे, यंत्रावर करू नये. तिथे ठोकल्यास प्रत्येक घाव बेअरिंगवर बसतो. मग तुकडा दोन टोकांमध्ये आवळावा, हत्यार टेकवण्याचा आधार लाकडाच्या कोपऱ्यापासून तीन-चार मिलिमीटरवर आणावा आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी तुकडा हाताने पूर्ण एक फेरी फिरवून पाहावा. मी आजही प्रत्येक वेळी फिरवून पाहतो.

तोंडावर पूर्ण मुखवटा हवा, नुसता चष्मा पुरेसा नाही. हातमोजे घालू नयेत, कारण फिरते लाकूड मोज्यासकट बोटे ओढून घेते. ओढणी, पदर, सैल बाही, कडे, बांगड्या, गळ्यातला दोरा आणि मोकळे केस यांतले काहीही यंत्राजवळ नसावे. सुरू करताना लाकडाच्या थेट समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे.

मिनिटाला साधारण १००० फेऱ्यांवर रुंद गोल पटाशी घ्यावी. आधी ती आधारावर टेकवावी, मग तिचा उतार फिरत्या लाकडावर नुसता घासू द्यावा, म्हणजे अजून काहीच कापले जाणार नाही. आणि त्यानंतर मूठ सावकाश वर उचलावी. एका ठरावीक उंचीला पहिले सालपट निघते. ती उंची हाताने लक्षात ठेवायची. आधी आधार, मग उतार, मग काप, हा क्रम कधीही उलटू नये, कारण हवेत धरलेली धार आधी लाकडाला लागली तर हिसका बसतोच. टोकाकडून सुरुवात करून थोडे थोडे मध्याकडे सरकावे. चार कोपरे आपटत असतात तोवर 'टकटक' असा आवाज येतो. जसजसे लाकूड गोल होते तसतसा तो जुळत जाऊन एकसलग होतो. आवाज बदलला की यंत्र थांबवून हात फिरवावा. सपाट उरलेली जागा लगेच लागते.

गोल झाल्यावर वेग १५०० ते १८०० पर्यंत वाढवावा, कॅलिपरने (व्यास मोजण्याच्या चिमट्याने) दोन्ही टोकांना आणि मध्ये व्यास पाहावा, आणि अरुंद गोल पटाशीने दोन्ही टोकांच्या मुठींना आकार द्यावा. पॉलिश पेपर लावण्यापूर्वी हत्याराचा आधार काढून बाजूला ठेवावा, कारण बोट त्याच्यात आणि लाकडात सापडू शकते. पेपर लाकडाच्या खालच्या बाजूने धरावा, बोटाभोवती कधीच गुंडाळू नये. १२० नंबरपासून सुरू करून १८०, २४०, ३२० असे जावे, आणि प्रत्येक नंबरनंतर यंत्र थांबवून रेष्यांच्या दिशेने हाताने चार वेळा घासावे, म्हणजे आडवे ओरखडे राहत नाहीत.

कोकम_आगळ

लाकडांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. माझी देवगडजवळ बाग आहे. शिवण हे माझे सर्वांत आवडते लाकूड: हलके, फिकट, फारसे न तडकणारे. हेदही कातायला गुळगुळीत. काळा कुडा दुधी रंगाचा आणि बारीक पोताचा असतो; कर्नाटकात चन्नपटणची आणि आंध्रात एटिकोप्पाकची खेळणी याच झाडाच्या लाकडाची करतात. फणस कातताना पिवळाधमक निघतो आणि वर्षभरात तांबूस तपकिरी होतो. आंबा स्वस्त आणि मुबलक, पण रेषे उलटसुलट, त्यामुळे धार ताजी हवी. सागात वाळूसारखा अंश असतो, तो धार लवकर खातो. माडाच्या खोडाला वर्षवलये नसतात, बाहेरचा भाग दगडासारखा आणि आतला भुसभुशीत असतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता इशारे. बिब्ब्याचे लाकूड कोणीही घेऊ नये, त्याच्या चिकाने अंगाला फोड येतात. काजूच्या सालीबाबतही सांभाळावे, आणि आंब्याच्या चिकाची ज्यांना बाधा होते त्यांनी ओला आंबा कातू नये. कण्हेर विषारी आहे, तिची खाण्यापिण्याची भांडी करू नयेत. शिसवाच्या पुडीने अनेकांना शिंका आणि पुरळ येते. लाकडाची बारीक पूड माणसात कर्करोगास कारण ठरते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेले आहे, म्हणून पॉलिश पेपर चालू असताना एन-९५ मुखपट्टी हवीच. नुसता रुमाल बांधून काही होत नाही.

फणसाचा वाडगा करायचा असेल तर ओंडक्याचा गाभा वगळावा, नाहीतर तो तिथून तडकतोच. कापल्याच्या दिवशीच तोंडांना मेण किंवा फेविकॉल थापावे. ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाड कातावा, भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे २०० मिलिमीटरला २० मिलिमीटर. मग तो त्याच्याच सालपटांसह कागदी पिशवीत घालून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पिशवीवरच लिहावे. आमच्याकडे पावसाळ्यात वजन जवळजवळ थांबते आणि दिवाळीनंतर पुन्हा उतरू लागते, त्यामुळे श्रावणात 'वाळला' असे समजून पुन्हा कातलेले माझे दोन वाडगे थंडीत वाकडे झाले. जानेवारीपर्यंत वाट पाहावी. शहरात रस्त्यावरचे झाड तोडायला परवानगी लागते, हे सर्वांना माहीत आहेच. पडलेल्या फांद्याही विचारूनच घ्याव्यात.

ओसरी

तीन महिन्यांनी लिहिते आहे. १० × १८ चे यंत्र आणि १४४० फेऱ्यांचा ग्राइंडर घेतला. चक घेतला नाही. पहिले दोन आठवडे सहाण यांनी सांगितले तसे फक्त मार्करची शाई पुसत बसले. नंतर वखारीतून शिवणीचे तुकडे आणले आणि चौथ्या तुकड्याचे लाटणे झाले.

पहिल्या तीन तुकड्यांत प्रत्येक वेळी उजव्या टोकाशी हिसका बसला. कारण सापडायला वेळ लागला: टोकावरून आत येताना मी धार आधी लावत होते, उतार नंतर. शेजारच्या मुलाने भ्रमणध्वनीवर चित्रण केले तेव्हा ते दिसले. आता दोन प्रश्न उरले आहेत. लाटण्याला काय लावावे? आणि माझे लाटणे मध्ये एक मिलिमीटर जाड राहिले आहे. पोळी मधे पातळ आणि कडेला जाड होते. ते पुन्हा यंत्रावर चढवता येईल का?

पाचर

ओसरीताई, चौथ्या तुकड्याला लाटणे झाले हे वाचून फार आनंद झाला. मला नऊ लागले होते.

दोन्ही टोकांवरच्या खुणा तुम्ही कापून टाकल्या नसतील तर ते सहज पुन्हा चढेल. दातेरी टोक त्याच जुन्या खाचांत, त्याच बाजूने बसवावे. त्यासाठी एका दात्याची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवण्याची सवय लावावी. टोके कापली असतील तर मध्य नव्याने काढावा लागेल आणि लाटणे किंचित लचकत फिरेल. मग सगळीकडून अर्धा मिलिमीटर काढून ते पुन्हा गोल करावे लागेल. मधला फुगवटा नवशिक्यांच्या हातून नेहमीच राहतो, कारण टोकांकडून येताना आपण मध्याजवळ नकळत हत्यार उचलतो. पोलादी पट्टी लाटण्यावर लांबीच्या दिशेने ठेवून मागून बॅटरीचा उजेड पाडावा. जिथे उजेड दिसत नाही तेवढ्याच जागी पेन्सिलीने रेघा ओढाव्यात आणि त्या रेघा जाईपर्यंतच कातावे. मग पुन्हा पट्टी लावावी. मला हे पाच-सहा वेळा करावे लागते.

तेलाचे म्हणाल, तर गोडेतेल किंवा खोबरेल नको. ते लाकडात वाळत नाही आणि काही महिन्यांत खवट वास येतो. औषधाच्या दुकानात मिळणारे पोटात घेण्याच्या दर्जाचे लिक्विड पॅराफिन आणि मधमाशांचे मेण, चारास एक या प्रमाणात, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून एकजीव करावे आणि फडक्याने चोळावे. जवसाचे कच्चे तेलही चालते आणि ते खरोखर वाळते, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्याची फडकी बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उलगडून दोरीवर वाळत घालावीत. लाखेचा मोह मलाही होतो, पण लाख उष्णतेने मऊ होते आणि लाटणे रोज तापलेल्या तव्याशेजारी असते. ती भोवऱ्यासाठी राखून ठेवावी.

ओसरी

टोके कापली नव्हती. आज सकाळी पुन्हा चढवले, पट्टी सात वेळा लावली. मधला व्यास ३७ मिलिमीटर, दोन्ही टोकांना ३७. पॅराफिन आणि मेण लावून खिडकीत ठेवले आहे. लाखेच्या कांड्या कुठे मिळतील, तेवढे कोणी सांगावे; नातवाला भोवरा हवा आहे.